फ्रेंचमध्ये चित्राचं वर्णन करताना ‘इल या’ नंतर काय येतं?

‘इल या’ (आहे/आहेत) एकवचनात, अनेकवचनात तेच राहतं. पुढे पुल्लिंगी नामाला ‘अँ’, स्त्रीलिंगीला ‘यून’, अनेकवचनाला ‘दे’: इल या अँ शा, म्हणजे एक मांजर आहे. मराठीतलं लिंग इथे चालत नाही. ताब्ल (टेबल) स्त्रीलिंगी आहे. नकारात बहुतेकजण अडकतात: ही तिन्ही उपपदं (अँ, यून, दे) जाऊन फक्त ‘द’ उरतं: इल न्या पा द शा, म्हणजे मांजर नाही.

एकदा उल्लेख झालेल्या वस्तूला पुढच्या वाक्यात ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) लावा: ल शा ए स्यूर ला ताब्ल, म्हणजे मांजर टेबलावर आहे. ‘स्यूर’ म्हणजे वर, ‘सू’ म्हणजे खाली. उच्चार ढिला पडला की मांजर थेट टेबलाखाली! रंग नामानंतर, ‘प्ती’ (लहान) मात्र आधी: अँ प्ती शा न्वार, म्हणजे एक लहान काळं मांजर.