सुमेरियन धर्मात पाताळाच्या आणि नागांच्या देवता कोणत्या होत्या? आपल्या नागलोकाशी त्यांचा काही संबंध आहे का?

पाताळाची सम्राज्ञी एरेश्किगल ही स्वतः नागरूप नव्हती. नागाशी ज्यांचे नाते होते ते तिचा मुलगा निनाझू आणि नातू निनगिश्झिदा. यांपैकी निनगिश्झिदाविषयी सर्वांत ठोस सामग्री हाती आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्याच्याकडेच जाईल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

आधी ‘पाताळ’ या शब्दाविषयी. मी तो सोयीसाठी वापरत आहे. सुमेर म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधला प्राचीन प्रदेश. तिथला सुमेरी शब्द आहे ‘कुर’, त्याचा मूळ अर्थ डोंगर, आणि त्याचे जुने लिपिचिन्ह म्हणजे तीन उंचवट्यांचे साधे चित्र. नद्यांच्या गाळाने बनलेल्या सपाट मुलखात राहणाऱ्यांना डोंगर म्हणजे परका प्रदेश वाटे. त्यामुळे परदेश आणि मेलेल्यांचा लोक या दोन्हींसाठी हाच शब्द रूढ झाला. तिथे पापपुण्याचा झाडा घेऊन कोणाला उकळत्या तेलात टाकत नसत. मेलेला प्रत्येक जण तिथेच जाई, आणि तिथे त्याचे कसे चालेल हे मुख्यतः मागे राहिलेली माणसे त्याला अन्नपाणी पोहोचवतात की नाही यावर ठरे. गिल्गामेश राजा आणि त्याचा सेवक एन्किदू यांच्या एका सुमेरी कथेत एकच मुलगा असलेला मृत माणूस भिंतीत ठोकलेल्या खुंटीपाशी रडत बसलेला दिसतो, तर सात मुलगे असलेला गौण देवांच्या पंगतीला बसतो. तर्पण आणि श्राद्ध ठाऊक असलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

हे पाणी खाली पोहोचवण्यासाठी थडग्यात नळ्या बसवत असत, आणि इथेच निनाझू येतो. उर शहराजवळचे एनेगी हे त्याचे गाव. मंदिरांवरच्या सुमेरी स्तोत्रांत एनेगीला एरेश्किगलच्या पाताळाकडे जाणारी मोठी नळी असे म्हटले आहे. निनाझूच्या नावातल्या ‘अझू’ या शब्दाचा अर्थ वैद्य, आणि सर्पदंशावरच्या मंत्रांत त्याला सापांचा राजा म्हणून आवाहन केलेले आढळते. काही ग्रंथांत त्याची आई एरेश्किगल नसून निनलिल ही देवी आहे. अशा विसंगतींचे सुमेरी लोकांना फारसे वावडे नव्हते, कारण प्रत्येक शहर आपल्या देवाची कथा आपल्या परीने सांगत असे.

आता निनगिश्झिदा. नावाचा अर्थ साधारणपणे ‘खऱ्या वृक्षाचा स्वामी’ असा लावतात. झाडाचा स्वामी नागरूप का, याचे उत्तर थोर्किल्ड याकोबसेन या अभ्यासकाने मुळांमध्ये शोधले होते: जमिनीखाली वळसे घेत जाणारी आणि तिथून झाडाला पोसणारी मुळे ही सापांसारखीच दिसतात. मला हे स्पष्टीकरण पटते, कारण या देवाची कथाही ऋतूंच्या चक्राशी जुळते. पाताळाचे दूत त्याला नावेत घालून खाली नेतात आणि त्याची बहीण आपल्यालाही बरोबर न्या म्हणून विनवणी करते, अशी एक सुमेरी रचना उपलब्ध आहे. दुमुझी या मेंढपाळ देवाप्रमाणे तोही वर्षातून काही काळ पृथ्वीवरून नाहीसा होणारा देव होता. खाली मात्र तो कैदी नसतो. त्याला ‘सिंहासनवाहक’ हे दरबारी पद असते. उरच्या उर-नम्मू राजाच्या मृत्यूवरील काव्यात हा राजा पाताळात गेल्यावर तिथल्या एकेका देवाला नजराणे देतो, त्यांत निनगिश्झिदाचेही नाव आहे.

या देवाला जवळून पाहायचे असेल तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले एक अर्घ्यपात्र पाहावे. हिरवट काळ्या दगडाचे, साधारण वीतभर उंचीचे हे पात्र लगाशच्या गुदेआ या राजाने इसवी सनपूर्व २२व्या शतकाच्या सुमारास निनगिश्झिदाला वाहिले, असे त्यावरचा लेखच सांगतो. ते गिर्सू, म्हणजे दक्षिण इराकमधील आजचे तेल्लो, इथल्या उत्खननात मिळाले. त्यावर मधोमध एका दंडाभोवती दोन साप एकमेकांना विळखे घालत वर चढतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना पंख असलेले, सापाच्या तोंडाचे आणि गरुडाच्या पायांचे दोन राक्षसी प्राणी मागच्या पायांवर उभे राहून द्वारपालांसारखे दंड धरून आहेत. पात्रातून पाणी किंवा मद्य ओतले की ती धार सापांच्या मस्तकांशेजारून जमिनीकडे जाई. पाताळातल्या देवाला जे द्यायचे ते जमिनीतच ओतायचे, त्यामुळे साप तिथे कोरण्यामागे निव्वळ सजावटीची हौस होती असे मला वाटत नाही.

गुदेआसाठी निनगिश्झिदा हा व्यक्तिगत देव होता. राजाच्या मुद्रेवर हा देव गुदेआचा हात धरून त्याला एका मोठ्या देवासमोर नेताना दिसतो, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांतून सर्पमुखे वर आलेली आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर वरिष्ठांकडे वशिला लावणारा देव. गुदेआच्या मातीच्या दोन मोठ्या दंडगोलांवर कोरलेल्या काव्यात तर याहून नवलाची गोष्ट आहे. मंदिर बांधण्यापूर्वी राजाला स्वप्न पडते आणि नानशे ही देवी त्याचा एकेक तुकडा उलगडून सांगते. त्यात क्षितिजावर उगवलेला प्रकाश म्हणजे तुझा देव निनगिश्झिदा, असा अर्थ ती लावते. पाताळातला नागदेव आणि उगवता सूर्य ही सांगड आपल्याला अडखळवते, पण जमिनीखाली जाऊन पुन्हा वर येणे हेच त्या देवाचे काम होते हे ध्यानात घेतले की अडखळायचे कारण उरत नाही.

त्या पात्रावरच्या प्राण्यांच्या कुळातल्या ‘मुश्हुश्शू’ या सर्पाचा पुढचा प्रवासही गमतीचा आहे. तो आधी निनाझूचा होता. एश्नुन्ना शहरात निनाझूची जागा तिश्पाक या देवाने घेतली तेव्हा तो त्याच्याकडे गेला, आणि बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने एश्नुन्ना जिंकल्यानंतर बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक याच्याकडे. दुसऱ्या नेबुखद्नेझरच्या काळात, इसवी सनपूर्व सहाव्या शतकात, तो इश्तार वेशीच्या निळ्या विटांवर रांगेने उभा राहिला. काही वर्षांपूर्वी बर्लिनच्या संग्रहालयात ती वेस पाहताना त्याची दुभंगलेली जीभ आणि खवल्यांचे अंग माझ्या लगेच ध्यानात आले, पण पुढचे पाय सिंहाचे आणि मागचे गरुडाचे आहेत हे दुसऱ्या फेरीत दिसले.

साप दिसला की पाताळ असे समीकरण मात्र मांडू नये. देर शहराच्या इश्तारान या न्यायदेवाचा दूत निराह हा सापच होता, आणि बॅबिलोनी सीमाशिळांवर जो साप कोरलेला दिसतो तो त्याचा मानतात. उलट एन्की या जल आणि बुद्धीच्या देवाला ‘सर्पदेव’ ठरवणारे आणि गुदेआच्या पात्रावरच्या जोडसापांत डीएनएची आकृती शोधणारे जे लेख आंतरजालावर फिरतात, त्यांना मूळ ग्रंथांत काहीही आधार नाही.

आता नागलोकाचा प्रश्न. गुदेआच्या लेखांत मेलुह्हा या देशातून लाल अकीक आणल्याचा उल्लेख आहे, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. म्हणजे व्यापार होता. पण मण्यांबरोबर देवही आले किंवा गेले असे म्हणायला पुरावा लागतो, आणि सिंधू लिपी अजून वाचता येत नसल्यामुळे त्या बाजूची साक्षच आपल्याकडे नाही. पिंपळाच्या पारावरच्या नागशिळेवर विळखे घातलेले दोन नाग आणि गुदेआचे पात्र यांची चित्रे शेजारी ठेवली तर साम्य डोळ्यांत भरते हे खरे. तरीही त्यांच्यामध्ये अनेक शतकांचे अंतर आहे, आणि जुगणाऱ्या सापांची जोडी दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या शेताच्या बांधावर पाहिलेली असणारच. म्हणून थेट संबंध आहे असे मी म्हणणार नाही.

एक योगायोग मात्र सांगतो. ‘मुल-अपिन’ या मेसोपोटेमियन खगोलग्रंथातल्या तारकांच्या यादीत एका लांबलचक सर्पाच्या नावापुढे ‘निनगिश्झिदा, पाताळाचा स्वामी’ असे लिहिले आहे. चैत्रातल्या रात्री सिंह राशीच्या खाली दक्षिणेकडे पसरलेला तो तारकासमूह मराठीत वासुकी या नावाने ओळखला जातो.