बटाटा भाजीत नव्हे, भातात मोजा

पाऊस लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत बटाटा असतोच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याला लागून श्रावण, आणि बाजारातली भाजी घाटावरून येईपर्यंत अर्धी सडलेली. मग कोकणातल्या घराघरांत टोपलीतला बटाटा रोज चुलीवर चढतो. या अंकात बटाट्याचीच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तसंच ताट मी कुडाळात सल्ल्याला बसते तेव्हा रोज कोणी ना कोणी सांगतं.

प्रश्न : ताई, माझ्या यजमानांना मे महिन्यात मधुमेह निघाला. वय ५४. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.६ टक्के आली, एक गोळी सुरू झाली. सासूबाई रोज म्हणतात, "बटाटो बंद कर, साखर वाढतली." यांना काचऱ्या इतक्या आवडतात की दुसरी भाजी केली तर धड जेवत नाहीत. सकाळी घावने नाहीतर आंबोळी, दुपारी भात, आमटी, बटाट्याची भाजी, संध्याकाळी स्टँडवरचा वडा, रात्री पुन्हा भात किंवा पेज. बटाटा कायमचा बंद करू का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बंद करू नका, ताटातली त्याची जागा बदला. तुम्ही दिवसभराचं जेवण लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, कारण दुखणं त्यातच दिसतंय. घावने तांदळाचे, आंबोळीत तांदूळच जास्त, दुपारी भात, रात्री भात, आणि भाजी म्हणून पुन्हा बटाटा. या ताटात भाजी नाहीच. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते, पण त्या ४०० ग्रॅमांत बटाटा आणि रताळं धरत नाही. पोषणाच्या हिशेबात बटाटा भात-भाकरीच्या रांगेत बसतो.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बटाट्यातला स्टार्च लवकर पचतो आणि रक्तातली साखर झपाट्याने चढवतो, कुस्करलेला बटाटा तर जास्तच. पण भात काय करतो तेही बघू. १०० ग्रॅम बटाट्यात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं आणि ७५ ते ८० कॅलरी असतात. तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या पांढऱ्या भातात २८ ग्रॅम कर्बोदकं आणि १३० कॅलरी. मुठीएवढा, म्हणजे दीडशे ग्रॅमचा बटाटा घेतला तर २५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. दीडशे ग्रॅम भाताची एक वाटी घेतली तर ४० ग्रॅमच्या वर. तेव्हा माप सोपं आहे : ज्या जेवणात एक बटाटा, त्या जेवणात अर्धी-पाऊण वाटी भात कमी. आज तुमच्या घरी भात आहे तेवढाच राहतो आणि बटाटा वरून येतो, साखर तिथे वाढते.

२०२५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या खाण्याच्या नोंदी त्यासाठी कित्येक वर्षं ठेवल्या होत्या. आठवड्याला तीन वेळा फ्रेंच फ्राइज खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे २० टक्के जास्त आढळलं. उकडलेल्या, भाजलेल्या किंवा कुस्करलेल्या बटाट्याबाबत तसा ठोस संबंध दिसला नाही. बटाट्याऐवजी अख्खं धान्य खाल्लं तर धोका कमी दिसला, पण बटाटा काढून त्याजागी पांढरा तांदूळ घेतला तर उलट वाढलेला दिसला. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, नुसता संबंध कळतो. तरीही आपण भात खाणाऱ्या माणसांनी ही शेवटची गोष्ट मनावर घ्यायला हवी. सासूबाईंचं ऐकून बटाटा बंद केलात आणि भाजी नाही म्हणून यजमानांनी आमटीवर आणखी दोन वाट्या भात खाल्ला, तर तुम्ही केलेल्या कष्टांचा काही उपयोग होणार नाही.

आता काचऱ्या. आठवड्यातून दोनदा करा, खुशाल करा. बटाटा सालासकट स्वच्छ धुवा आणि पातळ चिरा. चौघांच्या भाजीला दोन चमचे तेल पुरतं. मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी झाली की काचऱ्या टाका, झाकण ठेवा आणि झाकणावर पाणी ओता. खाली वाफ धरते आणि काचऱ्या जादा तेलाशिवाय शिजतात. शेवटची दोन-तीन मिनिटं झाकण काढून परता, म्हणजे कडा लालसर होतात. यजमानांना तीच कड आवडत असणार, ती काढून घेऊ नका. पण ताटात काचऱ्या वाढताना दुसरी वाटी उसळीची हवी : काळे वाटाणे, चवळी, कुळीथ, घरात असेल ते. सोडे किंवा सुकट ठेवली असेल तर सोडे-बटाटा करा, त्यात प्रथिनं येतात. सुकी मासळी मात्र कोमट पाण्यात भिजवून, दोन पाण्यांतून धुऊन घ्या आणि वरून मीठ घालू नका. रक्तदाब असेल तर ती क्वचितच करा.

पावसात भाजी मिळत नाही असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. स्टँडसमोरच्या गाळ्यावर मिळत नसेल, पण पहिल्या पावसाचा टाकळा, मग अळू, परसातल्या मांडवावरची शिराळी आणि पडवळ, भेंडी, तवसं म्हणजे पावसाळी काकडी, ही सगळी याच दिवसांतली. गोकुळाष्टमीला आपण शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार करतो. मधुमेह्याचं ताट कसं असावं असं मला कोणी विचारलं की मी हेच ताट सांगते, फक्त आंबोळ्या दोन. हे जेवण सणापुरतं का ठेवायचं, हे मला खरंच कळत नाही.

संध्याकाळचा वडा आठवड्याला एकावर आणा. त्यात बटाट्यापेक्षा तेल, बेसन आणि सोबतचा पाव यांचा भार जास्त. मोडाच्या मुगाची वाटी किंवा मूठभर फुटाणे घरून बरोबर दिलेत तर स्टँडवर भूक धरणार नाही.

जेवताना आधी भाजी आणि उसळ, भात शेवटी. त्याने साखर सावकाश चढते. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं पडवीत फेऱ्या मारल्या तरी फरक पडतो. साखर मोजायचं यंत्र घरात असेल तर काचऱ्यांच्या दिवशी जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजा. साधारणपणे यंत्रावरचा आकडा १८० च्या (मिलिग्रॅम) आत असावा, तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. तो आकडा वहीत लिहून सासूबाईंना दाखवा. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांना तो जास्त पटेल.

प्रश्न : उकडलेला बटाटा थंड करून खाल्ला की साखर वाढत नाही, असं मोबाइलवर आलं होतं. खरं का?
– देवगड

उत्तर : थोडं खरं आहे. शिजलेला बटाटा गार झाला की त्यातला काही स्टार्च न पचणाऱ्या रूपात बदलतो, आणि पुन्हा गरम केला तरी त्यातला काही तसाच राहतो. भाताचंही तसंच होतं. पण हा फरक लहान आहे, त्याच्या भरवशावर दोन बटाटे जास्त खाऊ नका. आणि आपल्या दमट हवेत उकडलेले बटाटे ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. निवले की झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

प्रश्न : मी श्रावणातले सोमवार आणि शनिवार करते, पुढे मार्गशीर्षातले गुरुवारही. उपासाला खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स. उपास करूनही वजन वाढतं, ते कसं?
– रत्नागिरी

उत्तर : वजन वाढतं, कारण त्या दिवशी तुमच्या पोटात रोजच्यापेक्षा जास्त जातं आणि भूक मात्र भागत नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं नावालाच. त्यात बटाट्याच्या फोडी म्हणजे स्टार्चमध्ये स्टार्च. वेफर्सचं तर काय सांगू, १०० ग्रॅमला सव्वापाचशेच्या वर कॅलरी आणि तिसरा हिस्सा तेल. बटाट्यातलं पाणी जाऊन तिथे तेल बसलेलं असतं.

नुसता उकडलेला बटाटा मात्र पोट चांगलं धरतो. १९९५ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी सारख्या कॅलरींचे ३८ पदार्थ लोकांना खायला देऊन कोणत्याने पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं ते पाहिलं. उकडलेला बटाटा पहिला आला. तेव्हा उपासाला साबुदाणा किंवा बटाटा, दोन्हींतलं एकच घ्या. सालासकट उकडलेला एक बटाटा, त्यावर जिरं, मिरची, दाण्याचं कूट आणि सोबत दही. एका वेळी एवढं पुरे. दुसऱ्या वेळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, बरोबर तवशाची कोशिंबीर. तहान लागली की ताक.

मार्गशीर्षात तर तुम्हाला बटाट्याची गरजच पडू नये. दिवाळीनंतर आपल्याकडे करांदे आणि कणगरं हे कंद खणून निघतात, आठवडा बाजारात बायका वाटे लावून बसतात. तुमच्या घरी उपासाला चालत असतील तर ती उकडून खा. पिष्टमय तीही आहेत, म्हणून माप बटाट्याचंच ठेवा. पण ती बहुतेक घरी उकडूनच खाल्ली जातात, कढईत पडत नाहीत, आणि पैसे आपल्याच गावच्या बाईच्या हातात जातात. मला ही गोष्ट मोलाची वाटते. रताळीही चांगली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण अश्विनी' ही रताळ्याची जात आपल्याच मातीसाठी आहे. जागा असेल तर वेल लावून बघा.

प्रश्न : पावसाआधी आम्ही बटाट्यांची अर्धी गोण भरतो. जुलैपर्यंत कोंब येतात, काही हिरवे पडतात. कापून वापरले तर चालतात का?
– गुहागर

उत्तर : हिरवेपणा बघून ठरवा. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो, आणि त्याच वेळी त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही. कुठेतरी एवढासा हिरवा डाग असेल तर जाड साल काढून डागाभोवतीचा भाग कापून टाका. बराचसा हिरवा असेल, सुरकुतून मऊ पडला असेल किंवा चवीला कडवट लागला तर फेकून द्या, गुरांनाही घालू नका. बटाटा टणक आहे आणि कोंब नुकते फुटलेत, तर डोळ्यासकट खोल कोरून काढा. लहान मुलांच्या ताटात मात्र असा बटाटा नकोच.

अर्धी गोण भरायची पद्धत रस्ता पावसात बंद पडायचा तेव्हाची. आता चार-पाच किलोच आणा. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून बांबूच्या टोपलीत, अंधाऱ्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा. कांद्यांपासून लांब. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर गोडसर होतात आणि परतताना लवकर काळपट पडतात.

प्रश्न : वडिलांना किडनीचा आजार आहे, डायलिसिस नाही. पोटॅशियम ५.६ आलंय. बटाटा अजिबात नको असं सांगितलंय, पण ते हट्ट करतात.
– मालवण

उत्तर : वरच्या सगळ्या उत्तरांत मी बटाट्याची बाजू घेतली, तुमच्या वडिलांसाठी घेणार नाही. दीडशे ग्रॅमच्या एका बटाट्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्याहूनही जास्त. निरोगी माणसाच्या रक्तदाबाला ते चांगलं, पण किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. आकडा ५.६ असेपर्यंत बटाटा देऊ नका.

तो खाली आला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर असा करा : साल काढा, बारीक फोडी करा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. निम्म्याच्या आसपास पोटॅशियम त्या पाण्यात जातं. नुसतं भिजवून फारसं निघत नाही. आमटीत किंवा रश्शात बटाटा टाकला तर पोटॅशियम रश्शात उतरतं, म्हणून तो रस्सा त्यांना नको. सालासकटच्या काचऱ्याही नकोत.

बटाट्याकडे लक्ष देताना दोन गोष्टी निसटतात. एक शहाळं. आजारी माणसाला शहाळं पाजायची आपल्याकडे रीत आहे आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. दुसरं, रक्तदाबासाठी म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. ही दोन्ही आजच बंद करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं, तेव्हा चालू गोळ्यांची यादी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, आपण होऊन कुठलीही थांबवू नका. छातीत धडधड झाली किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटलं, तर सकाळ होण्याची वाट न बघता त्यांना रुग्णालयात न्या.