खोऱ्यात एकट्यानं जाण्याआधी

प्रिय पोरा,

परवा रंकाळ्यावर तू म्हणालास, "काका, पंचगंगेच्या चारी नद्यांची खोरी एकट्यानं गाडीवर फिरायचीत, जुलैतच निघतो." तिथं गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

जुलैत जाऊ नकोस. दिवाळी होऊ दे, भाताची कापणी उरकू दे.

प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. या सगळ्या नद्यांवर आपले कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब, खांबांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, आणि वरून जायला अरुंद स्लॅब. कडेला कठडा बहुतेक ठिकाणी नसतो. पावसाळ्याआधी बरगे काढतात आणि पूर आला की बंधारा पाण्याखाली जातो. अलीकडच्या गावातून पलीकडं जायची वाट त्यावरूनच असते, त्यामुळे तुझ्यासारख्याला मोह होतो. मलाही झाला होता.

पंचविशीत होतो. ऑगस्ट महिना, ऊन पडलं होतं आणि बंधाऱ्यावर पाणी जेमतेम घोट्याएवढं. पहिल्या गिअरवर निघालो. मधोमध शेवाळावर मागचं चाक सरकलं, गाडी खालच्या अंगाला गेली आणि मी एका खांबाला धरून राहिलो. वैरण घेऊन निघालेल्या दोघांनी दोर टाकला. काठावर आल्यावर त्यातल्या म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "कुणाला विचारलं न्हाईस व्हय?" विचारलं नव्हतं. बरोबर कोणी असतं तर तो नको म्हणाला असता.

म्हणून एकट्यानं फिरताना पाण्याजवळ आलास की गाडी स्टँडवर लाव. पाण्याच्या बरोब्बर कडेला एक दगड ठेव आणि पंधरा मिनिटं बस. दगड बुडाला तर पाणी चढतंय, उघडा पडला तर उतरतंय. पण उतरतं पाणीसुद्धा स्लॅबवर गाळ सोडून जातं, आणि तो गाळ शेवाळापेक्षा वाईट. वाहतं पाणी स्लॅबवर असेल तर कितीही कमी असो, मागं फिर. पन्नास किलोमीटरचा वळसा पडला तरी पडू दे.

आणि डोक्यावरच्या उन्हावर विश्वास ठेवू नकोस. तू खाली कळे गावात कोरडा असतोस तेव्हा वर घाटमाथ्यावर गगनबावड्याला धो धो कोसळत असतं. भोगावतीचं तर आणखी वेगळं. तिच्यावरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, आणि एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी खाली येतं. शाहू महाराजांच्या या धरणाचा मला फार अभिमान आहे, पण त्याच्या खालच्या बंधाऱ्यावर श्रावणात मी पाय ठेवत नाही.

कुठून सुरुवात करायची? माझं मन विचारशील तर धामणी खोऱ्यातून. ही कुंभीला मिळणारी लहान नदी, म्हणून नकाशावर कुणाचं लक्ष जात नाही. म्हासुर्लीकडं जाताना दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. इथले शेतकरी उन्हाळ्यात पाणी टिकावं म्हणून वर्षानुवर्षं वर्गणी काढून नदीत मातीचे बंधारे घालत आले. पाऊस आला की ते वाहून जायचे, पुढच्या वर्षी परत घालायचे. तिथं गाडी थांबव, पारावर बस, एखाद्या आजोबांना त्याबद्दल विचार. माझ्यासारख्या सांगणाऱ्याकडून ते कळणार नाही.

पाणंदीत शिरताना समोरून बैलगाडी येत असेल तर गाडी उसाच्या कडेला घेऊन बंद कर, बैल बुजतात. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागं लाल दिवा नसतोच, म्हणून अंधारात फिरायचं नाही. दाजीपूरच्या जंगलाच्या बाजूला तर संध्याकाळी गवा रस्त्यावर येतो. एक दिसला की लगेच पुढं जाऊ नकोस, मागून कळप असतो. जंगलातल्या वाटेवर वनखात्याची परवानगी असल्याशिवाय शिरायचं नाही.

सामान थोडंच घे: क्लच वायर, प्लग, पंक्चरचं साहित्य, हातपंप. कच्च्या वाटेवर टायरची हवा जराशी कमी ठेव, डांबरीवर आलास की भर. खोऱ्यात आत पेट्रोल पंप मिळेल असं धरू नकोस, टाकी कोल्हापुरातच भर. मोबाईलला रेंज नसते, तेव्हा शेवटच्या मोठ्या गावात चहा घेताना टपरीवाल्याला सांग की मी अमुक वाडीला चाललोय, संध्याकाळी इथूनच परतेन. आणि खरंच परत येताना थांब, त्याला तोंड दाखव. तो वाट बघत असतो रे.

आईला सांगितलं आहेस का, तेही कळव. नाहीतर मी येऊन सांगतो. ऑक्टोबर संपताना बंधाऱ्यांवर बरगे बसवायला लोक येतील, तेव्हा एका रविवारी माझ्याबरोबर चिखलीपर्यंत चल. दगड कुठं ठेवायचा ते काठावरच दाखवतो.

तुझा,
काका