मुलीला एडिटिंग शिकायचंय: एडियस, प्रीमिअर की रिझॉल्व्ह?

प्रश्न: माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. आतापर्यंत मोबाइलवर काईनमास्टरमध्ये व्हिडिओ करायची. यंदा गणपतीच्या रथोत्सवाचं मोबाइलवर शूटिंग केलं आणि ओळखीच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर जुळवलं, पण शेवटाकडे ढोलाचा आवाज आणि टिपरू जुळेना. स्टुडिओवाले म्हणतात एडियस शिक. तिला प्रीमिअर हवं आहे. एक क्लासवाले 6 महिन्यांत सगळी सॉफ्टवेअर शिकवतो म्हणून 60,000 मागतात. लॅपटॉपसाठी आम्ही 70,000 बाजूला ठेवलेत. काय करावं? – एक आई, तासगाव

ताई, नमस्कार.

तिला आता डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकू द्या. लग्नसराईत त्याच स्टुडिओत बसून एडियसवर हात बसवू द्या. प्रीमिअर भाड्यानं वापरावं लागतं, ते भाडं त्यावरचं काम हातात येईल तेव्हाच भरा. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यापेक्षा आपण कुणाच्या टेबलावर बसणार आणि केलेलं काम पुढे कुणाकडे जाणार, यावर निवड ठरते.

आधी ढोलाचं बघू, कारण ही अडचण तिला पुन्हा पुन्हा येणार आहे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक घेतलेली चित्रं, त्यांना फ्रेम म्हणतात. मोबाइल ठरल्या वेगानं फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की सेकंदाला 30 च्या 28 होतात, पुन्हा 30 होतात. आवाज मात्र एकसारखा चालतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरून चालतं, त्यामुळे क्लिप जितकी लांब तितका फरक साठत जातो. म्हणून सुरुवात जुळलेली दिसते आणि विसाव्या मिनिटाला टिपरू आधी, ठोका नंतर. उपाय सोपा आहे. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये क्लिप उघडायची. फ्रेम रेट मोडपुढे 'व्हेरिएबल' (बदलता) दिसलं, तर ती हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून बदलून घ्यायची: व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट 30, त्याखाली 'कॉन्स्टंट' (एकसारखा), क्वालिटी 18 च्या आसपास. मग ती नवी फाइल टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीनं मांडायच्या पट्टीवर, घ्यायची. कापून झाल्यावर हे करून उपयोग नाही, सगळे कट पुन्हा बसवावे लागतात.

रिझॉल्व्ह आधी का, तर एकाच प्रोग्रॅममध्ये कटिंग, रंग, आवाज आणि इफेक्ट येतात, वॉटरमार्क येत नाही, मुदत संपत नाही. हौशी माणसाला ते आयुष्यभर पुरेल, आणि रंगाच्या कामासाठी सिनेमावालेही तेच वापरतात. मोफत आवृत्तीच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. अल्ट्रा एचडीच्या (4केच्या) पुढे एक्स्पोर्ट होत नाही. रात्रीच्या मांडवातल्या चित्रातले दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन फक्त पैसे भरून मिळणाऱ्या 'रिझॉल्व्ह स्टुडिओ' या आवृत्तीत आहे. तिची किंमत 295 डॉलर, एकदाच. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचं 10-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारं) फुटेज विंडोजवर मोफत आवृत्तीत अनेकदा उघडतच नाही. ते शटर एन्कोडर या प्रोग्रॅममधून डीएनएक्सएचआर या फाइल प्रकारात बदलून घ्यावं लागतं आणि फाइल कितीतरी पट मोठी होते.

सुरुवातीला दोन ठिकाणी मुलं अडकतात. पहिलं, प्रोजेक्टचा फ्रेम रेट. क्लिप टाइमलाइनवर टाकली की तो बदलता येत नाही, म्हणून आधीच ठरवायचा: स्टुडिओचे कॅमेरे 25 वर असतील तर 25, सगळं मोबाइलचं असेल तर 30. दुसरं जास्त महागात पडतं. रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलसारखं दिसत नाही, ते त्याच्या डेटाबेसमध्ये असतं. विंडोज नव्यानं टाकलं की फुटेज दुसऱ्या डिस्कवर सुखरूप आणि केलेलं काम गायब. रोज काम संपवून उठण्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरमधून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' करून ती छोटी फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता एडियस. स्टुडिओवाल्यांचा सल्ला टाकाऊ नाही. आपल्याकडे लग्नाचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, बऱ्याच ठिकाणी त्यावरच चालतं, कारण वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज जुन्या मशीनवरही रेंडर न करता (आधी नवी फाइल बनायची वाट न बघता) पळतं आणि हळद, मंगलाष्टकं, वरात यांची तयार प्रोजेक्टं बाजारात मिळतात. पहिली कमाई इथूनच होईल. तासगाव, विटा, सांगलीत राहून हंगामी काम करायचं असेल तर एडियस यायलाच हवं. पण पुण्या-मुंबईत मालिका, जाहिराती, यूट्यूब चॅनेल यांच्याकडे प्रीमिअर किंवा ॲव्हिड हे आणखी एक एडिटिंगचं सॉफ्टवेअर विचारतील. ॲपलचं फायनल कट विंडोजवर चालत नाही, त्यामुळे तुमच्या बजेटमध्ये त्याचा विचार नको.

प्रीमिअरवर काम करायची वेळ आली की मराठी अक्षरांचं लक्षात ठेवा. जोडाक्षरं तुटून 'श्री'चे तुकडे दिसले तर फाँटला दोष देऊ नका. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करायचं आणि नवीन टायटल घ्यायचं. शिवाय नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून समोरच्याची आवृत्ती आधी विचारायची.

क्रॅक केलेलं (कुलूप तोडून फुकट वाटलेलं) सॉफ्टवेअर मात्र घरात येऊ देऊ नका. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच मशीनवर दुसऱ्याच्या घरचं लग्न असतं, आणि ते पुन्हा शूट करता येत नाही.

लॅपटॉपचे पैसे या क्रमानं घाला: वेगळं ग्राफिक्स कार्ड, त्याची स्वतःची मेमरी निदान 4 जीबी, 6 मिळाली तर उत्तम, रॅम 16 जीबी, एसएसडी 512 जीबी. रॅम 8 चीच मिळत असेल तर दुसरा स्लॉट मोकळा आहे का हे दुकानात विचारा, काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते. थोडे पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी राखा. 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट) 4के शूटिंग केलं तर तासाला 45 जीबी होतात, दोन कॅमेरे आणि 6 तास म्हणजे 540 जीबी. प्रत्येक कामाच्या दोन प्रती हव्यात. 4के अडखळत चाललं तर लॅपटॉपला नावं ठेवण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या कामचलाऊ प्रती, तयार करायला सांगा.

क्लासची घाई नको. 6 महिन्यांत चार-पाच सॉफ्टवेअर म्हणजे प्रत्येकातली बटणं कळतील, कापायचं कुठे हे कळणार नाही. त्याऐवजी तिला एकच काम द्या: स्टुडिओकडून, त्यांच्या परवानगीनं, एका लग्नाचं कच्चं फुटेज घ्यायचं आणि त्यातून 3 मिनिटांचं हायलाइट, 20 मिनिटांची फिल्म आणि 30 सेकंदांचं रील करायचं. आवाज संगीताखाली बुडतोय का, अक्षता पडताना आईचा चेहरा सुटला का, हे स्टुडिओवाल्यांनी बघून सांगावं. असे चार-पाच नमुने झाले की क्लास हवा की नको हे तिलाच कळेल. तरीही क्लास लावायचाच असेल तर तीन गोष्टी विचारा: सरावाला कच्चं फुटेज देता का, मशीनवर रोज किती तास एकट्यानं बसता येतं, आणि आवाजाचं काम शिकवता का. तिसऱ्याला उत्तर मिळालं नाही तर फी भरू नका.

आणि पदवी सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा-टीव्हीच्या सरकारी संस्थेत एडिटिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते, आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बी.कॉम. करत हे सगळं जमण्यासारखं आहे. लग्नाच्या तारखा आणि परीक्षेच्या तारखा मात्र एकमेकींवर येतात, म्हणून मार्च-एप्रिलमधली कामं घेताना विद्यापीठाचं वेळापत्रक स्टुडिओला आधीच दाखवायला मुलीला सांगा.