माणूस मुळातच दुष्ट असतो का? एका फौजदारी वकिलाचं उत्तर

नाही. निदान मला तरी तसं वाटत नाही. आणि मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी खटले चालवतो, त्यामुळे माझा दिवस काही संतसज्जनांच्या संगतीत जात नाही.

रोजच्या बातम्या वाचून माणूस आतून सडकाच आहे असं वाटायला लागलंय, असं पुष्कळ जण म्हणतात. गंमत म्हणजे हा प्रश्न मला कोर्टात विचारताच येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 54 होतं: फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य हा मुद्दा गैरलागू, जोवर त्याच्याच बाजूने चांगल्या चारित्र्याचा पुरावा येत नाही तोवर. 2024 मध्ये नवा कायदा लागू झाला, तरतूद तशीच राहिली. त्या रात्री त्याने कोयता चालवला का, एवढं विचारा. तो माणूस म्हणून कसा आहे यात शिरलात की समोरचे वकील हरकत घ्यायला उठलेच. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आता पुण्यातला साठी ओलांडलेला कुणीही लगेच म्हणेल, "मग जोशी-अभ्यंकर हत्याकांड?" बरोबर आहे. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात कमर्शियल आर्ट शिकणाऱ्या मुलांनी दहा जणांचे जीव घेतले. घरात शिरून, म्हाताऱ्यांचेसुद्धा. अंधार पडला की शहर कड्या लावून बसायचं. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली. आणखी एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता. ते परिस्थितीचे बळी होते वगैरे मी म्हणणार नाही. अशी माणसं असतात. पण शितावरून भाताची परीक्षा इथे लागू पडत नाही. इतकी वर्षं ते प्रकरण लोकांच्या तोंडी आहे, ते विरळा आहे म्हणूनच.

माझ्या फायलींत असतं ते वेगळंच. भावकीतला बांधाचा वाद, दारू, उसने पैसे, सासरचा छळ. यातल्या शेवटच्या प्रकाराची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण मारणारा एकच असतो आणि घर माणसांनी भरलेलं असतं. बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवतात. पुढे साक्षीत प्रत्येक जण सांगतो, "मी काहीच केलं नाही." पुष्कळदा ते अक्षरशः खरं असतं.

1961 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी साध्या, नोकरीधंदा करणाऱ्या माणसांना बोलावून सांगितलं, शेजारच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्या, दर वेळी जरा जास्त. झटके खोटे होते, तो माणूसही ठरवून बसवलेला. तरी 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. एवढं ऐकून लोक "बघा, माणूस राक्षसच" म्हणून मोकळे होतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. झटका किती द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवावं अशी मुभा दिली, तेव्हा 40 पैकी एकच जण शेवटपर्यंत गेला. छळाची हौस असती तर ती इथे दिसायला हवी होती. आणि सोबत बसवलेल्या दोघांनी (तेही मिलग्रॅमचेच) "आम्ही नाही करणार" म्हणून अंग काढून घेतलं, तेव्हा 40 पैकी फक्त चौघे शेवटच्या बटणापर्यंत पोचले. झटके खरे आहेत असं किती जणांना वाटत होतं यावर वाद झालेत, पण मला हे आकडे ओळखीचे वाटतात.

मला विचाराल तर मूळ दोष भिडेचा आहे. साहेबांची भीड, थोरल्या भावाची भीड, चार लोकांची भीड. एका खटल्यात धनकवडीतल्या शेजारणीने फक्त दार वाजवलं होतं. आत चाललेली मारहाण तेवढ्याने थांबली. नंतर ती साक्षीलाही आली, सोसायटीने "तुम्हाला काय पडलंय" म्हणून बरंच सुनावलेलं असताना. बाई फार थोर होती अशातला भाग नाही. पार्किंगवरून तिचं निम्म्या बिल्डिंगशी वाकडं होतं. कदाचित म्हणूनच तिला कुणाची भीड नव्हती.

आणि ज्यांनी खरोखर गुन्हा केलाय त्यांचं काय? येरवड्यात खुलं कारागृह आहे. जन्मठेपेचे कैदीसुद्धा तिथे शेतीवर काम करतात, पहारा नावापुरता. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, तिथे तर कैदी बायकापोरांसह राहतात. अशा ठिकाणी कैदी निवडताना तो मुळात कसा आहे याचा शोध कुणी घेत बसत नाही. गुन्हा कोणता, शिक्षा किती भोगून झाली, आत वागणूक कशी होती, एवढं कागदावर बघतात आणि पाठवतात.