पाळी गेल्यानंतरचे डाग, रात्रीचा घाम आणि सकाळच्या दोन गोळ्या

प्रश्न : वय ५२. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. रात्री घामाने गाऊन भिजतो, झोपमोड होते. गेल्या महिन्यात दोन दिवस थोडे डाग पडले. नणंद म्हणते, जाता जाता होतंच असं. थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी चहाबरोबर घेते. हॉर्मोन सुरू करावेत का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : घामाचं नंतर, आधी डागांचं. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर थेंबभर रक्त दिसलं तरी ते ‘जाता जाता’मधलं नसतं. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. योनीमार्गातून सोनोग्राफी करून पिशवीच्या अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली किंवा डाग पुन्हा दिसले, तर अस्तराचा नमुना तपासायला घेतात. दहांतल्या साधारण नऊ जणींत कर्करोग निघत नाही. बहुतेकदा कोरडेपणा किंवा एखादा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, असतो. पण ते तपासल्यावरच म्हणायचं. आणि कुणी थेट ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं, तर अहवाल हातात आल्याशिवाय हो म्हणू नका.

आता चहाबरोबरच्या गोळ्या. कॅल्शियम थायरॉइडचं औषध आतड्यातच अडवून धरतं. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याने घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच. जास्त घेतलं तर शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. या बदलाने थायरॉइडची गोळी नीट लागू पडेल आणि आहे तोच डोस कदाचित जास्त ठरेल. त्यानेही घाम येतो, छाती धडधडते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून बघा.

डागांचं कारण कळेपर्यंत हॉर्मोन नकोत. तपासण्या निर्धोक आल्या, तर घामावर इतकं गुणकारी दुसरं औषध नाही. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलेलं बरं. पिशवी असल्यामुळे इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जातं. स्तनाचा कर्करोग किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर डॉक्टर बिनहॉर्मोनची औषधं देतात. सोयाच्या महागड्या कॅप्सूल आणायच्या नादी मात्र लागू नका.

हाडांचं विचारलं नाहीत, पण पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ती झपाट्याने विरळ होतात. टिळक तलावावर पोहणं छानच, पण हाडांना अंगाचा भार लागतो. पर्वती चढा, गुडघे कुरकुरत असतील तर तळजाईवर भरभर चाला.

प्रश्न : वय ४७, सात महिने पाळी नाही. आता संततिनियमन थांबवलं तर चालेल ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही चालणार. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष ते चालू ठेवायचं. आधी औषधाच्या दुकानातून गर्भचाचणीची पट्टी आणून सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. घामासाठी देतात ते हॉर्मोन दिवस राहणं रोखत नाहीत, हेही लक्षात असू द्या.