मक्याला डीएपीचा डोस वाढवू का?

जमीन हलकी आहे, पेरणीआधी दरवर्षी डीएपी (नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, देणारं खत) फेकता, तरी तीन आठवड्यांचा मका जांभळट पडतो, मग डोस वाढवावा का, असं विचारलंय. जांभळेपणा हे बहुधा स्फुरद कमी पडल्याचं लक्षण, पण मी तरी डोस लगेच वाढवणार नाही. आधी खत पडतंय कुठे ते बघा.

नत्र पाण्याबरोबर फिरतं, स्फुरद मात्र जागचं फारसं हलत नाही; खताच्या दाण्यापासून काही मिलिमीटर, बस्स. मूळ तिथवर पोचलं तरच ते पिकाचं. त्यात फेकलेलं खत सगळ्या मातीत विखुरतं. आम्ल जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम त्याला धरून बसतं. पहिल्या हंगामात साधारण 10 ते 25 टक्केच स्फुरद पिकाच्या पोटात जातं ते यामुळेच.

म्हणून खत पेरून द्या, बियाण्यापासून 5 सेंमी बाजूला आणि तेवढंच खाली. दोन चाड्यांची पाभर (बी आणि खत वेगवेगळं पेरणारी) असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आधी काकरीत खत, वर माती, मग शेजारी टोकण.

एका वर्षी घाईत मी डीएपी आणि बी एकाच खड्ड्यात टाकलं. डीएपी विरघळताना अमोनिया सुटतो, कोवळा कोंब त्यात होरपळतो. निम्मी ओळ उगवलीच नाही. पुढच्या वर्षी अंतर राखलं आणि तीन आठवड्यांनी खुरप्याने एक रोप उकरून पाहिलं. एका बाजूची मुळं विरळ, आणि खताच्या पट्ट्यात पांढऱ्या तंतुमुळांचा दाट झुबका! स्फुरद आणि अमोनियम एकत्र मिळालं की मूळ तिथेच फुटतं. शिवाय अमोनियम घेताना ते भोवतालची माती किंचित आम्ल करतं, चुनखडीच्या जमिनीत ते फायद्याचंच.

माती तपासून सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल ते) बघाच. 5.5 च्या खाली असेल तर चुन्याशिवाय खताचे पैसे मातीतच राहणार. रॉक फॉस्फेटही (दळलेला स्फुरदाचा दगड) आम्ल जमिनीतच चालतं, चुनखडीत ते नुसतं पडून राहतं. चांगलं कुजलेलं शेणखत मात्र कुठेही द्या. त्यातली सेंद्रिय आम्लं स्फुरद धरणाऱ्या जागा अडवतात. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंवर फार भिस्त ठेवू नका, कधी गुण येतो, कधी नाही.

डोस आंधळेपणाने वाढवला तर जस्ताची कमतरता उघडी पडते. मक्यात ती ओळखायला सोपी: कोवळ्या पानांवर, देठाकडच्या अर्ध्या भागात, मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे.

आणि हो, पेरणी थंडीतली असेल तर जांभळेपणाला लगेच घाबरू नका. गारठ्यात मुळं मंदावतात; ऊब आली की बरेचदा नवी पानं हिरवीच निघतात. सामू किती आला ते कळवा, चुना लागेल की नाही ते त्यावरून बोलू.